बालनाट्यात भूत येतानाचा किंकाळीसारखा आवाज ड्रमच्या सिम्बलमधून (धातूच्या गोल थाळीतून) काढता येईल का?

येईल. काठ्या बाजूला ठेवा आणि सिम्बलच्या काठावर व्हायोलिनचा गज उभा, सावकाश ओढा. गजाला राळ सढळ हाताने चोळा, दुसऱ्या हाताची दोन बोटं मधल्या उंचवट्याशी टेकवा, म्हणजे ती डुलणार नाही. राळेमुळे गजाचे केस धातूला क्षणोक्षणी पकडतात-सोडतात. ठणकन आवाज येत नाही, स्वर नुसता फुगत जातो. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या हौशी मंडळींच्या नाटकांना मी हेच करतो. पातळ सिम्बल लवकर बोलते. भूत जाताना पितळी ताट बडवून लगेच बादलीत बुडवा, स्वर घसरतो (अमेरिकन संगीतकार जॉन केजने १९३०च्या दशकात गाँग, म्हणजे टोल्याची मोठी थाळी, असाच पाण्यात बुडवला होता). मात्र गज जुनाच घ्या, काठाने केस तुटतात.