पावसात बसची पुढची काच धुरकट होते, हीटर लावूनही साफ होत नाही. काय करावं?

तुमची बस एसी, इंजिन मागे, फेऱ्या मुंबई-पुणे, आणि हीटर लावला तरी काच धुरकटच राहते, असं तुम्ही लिहिलंय. हीटर खोलण्याआधी ओल काचेच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. गाडी बाजूला उभी करून काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर ओल आतली, नाहीतर बाहेरची. दोन्हींचे उपाय उलटे आहेत आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

मुंबईत जुलैमध्ये बाहेर 28 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर साधारण 26 अंशांच्या खालच्या कुठल्याही काचेवर दव धरतं. एसी 21-22 वर आणि समोरच्या जाळीतून थंड हवा थेट काचेवर, म्हणजे ओल बाहेरून येणारच. अशा वेळी वायपर मारा, काचेकडची थंड हवा बंद करून ती पायाकडे किंवा तोंडाकडे वळवा, एसी 25-26 वर आणा. तरी धरत असेल तर हीटरचा व्हॉल्व्ह थोडा उघडून काचेवर कोमट हवा सोडा.

ओल आतली असेल तर एसी बंद करू नका. ही सवय फार जणांना आहे आणि ती घातक आहे. कॉम्प्रेसर थांबला आणि ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) चालू राहिला की एसीच्या कूलिंग कॉइलवर साचलेलं पाणी वाफ होऊन परत गाडीत येतं आणि काच काही क्षणांत पांढरी होते. एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर काच गरम करतो; दोन्ही एकत्र चालवायचे. बाहेरच्या हवेची झडप उघडा, पुढचा ब्लोअर वाढवा. भिजलेले प्रवासी चढताना पुढचं दार जास्त वेळ उघडं राहिलं की दमट हवा थंड काचेवर आतून आदळते, म्हणून स्टॉपवरून सुटताना ब्लोअर आधीच वाढवलेला बरा. खंडाळ्याचा घाट चढताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, हीटरमधूनही फिरणारं पाणी) चांगला तापलेला असतो, तेव्हा हीटर जोरात चालतो. उतारावर इंजिनावर भार नसतो आणि हवा कोमट होत जाते, त्यामुळे काच आधीच कोरडी करून ठेवा.

आता तुमचा हीटर. इंजिन पूर्ण तापल्यावर डॅशबोर्डखाली हीटर कॉइलला (गरम कूलंट फिरून हवा तापवणाऱ्या जाळीला) येणारे दोन पाइप जपून चाचपा. दोन्ही चटका देण्याइतके गरम असतील तर पाणी व्यवस्थित फिरतंय, दोष हवेच्या बाजूला आहे. एक गरम, एक गार असेल तर व्हॉल्व्ह बंद, कॉइल चोक (तुंबलेली) किंवा एअर लॉक (पाइपात अडकलेली हवा). दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान राखणारी झडप) उघडा अडकलाय, कूलंट कमी आहे किंवा सर्क्युलेशन पंप बंद आहे. मागे इंजिन असलेल्या बारा मीटरच्या गाडीत पाइप फार लांब पडतात, म्हणून पंपावर पहिला संशय घ्या: स्विच टाकल्यावर त्याची थरथर हाताला लागली पाहिजे. गाडी जुनी घेतलेली असेल तर आणखी एक बघा. कॉइल गळली की बरीच गॅरेजं दोन्ही होज एकमेकांना जोडून कॉइल बाजूला काढतात. मग स्विच टाकून काही उपयोग नाही.

एअर लॉक काढायचा तर इंजिन गार असताना कूलंट पूर्ण भरा, हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर ठेवा आणि कॉइलजवळचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करा. बुडबुडे थांबून सलग धार आली की घट्ट करा. इंजिन गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. गरम इंजिनावर टाकीचं झाकण कधीही उघडू नका. चोक कॉइल उलट्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. कॉम्प्रेसरची हवा पूर्ण दाबाने मारली तर कॉइल फाटते. कूलंट बहुतेक 50:50 (अर्धं कूलंटचं द्रव, अर्धं पाणी) असतो, पण कंपनीचं पुस्तक बघून घ्या. इथे पाणी गोठण्याची भीती नाही म्हणून नुसतं बोअरिंगचं पाणी भरणारे कॉइलमध्ये क्षार जमवतात. काचेवर आतून चिकट थर आणि गोडसर वास येत असेल तर कॉइल गळतेय. गाडी तशीच पुढे काढू नका.

हवेच्या बाजूला प्रत्येक जाळीसमोर कागदाची पट्टी धरा. एका ठिकाणी ती हलत नसेल तर डॅशबोर्डखालचा डक्ट निसटलाय, हवा आतच वाया जातेय. ब्लोअर फक्त फुल स्पीडवर चालत असेल तर रेझिस्टर (वेग कमी करणारा भाग) जळालाय. मोटर बदलल्यापासून हवा कमी झाली असेल तर वायर उलट्या जोडल्यात का बघा: पंखा उलटा फिरला तरी थोडी हवा येते, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही. गाडी चालू असताना मोटरवरचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी भरलं तर अर्थिंग आणि कनेक्टर साफ करा. खाऱ्या हवेत ते हिरवे पडतात. ब्लोअरच्या तोंडाची जाळी आणि एसीचा ड्रेन पाइपही उघडा करा.

डॅशबोर्डला सिलिकॉन पॉलिश लावत असाल तर ते बंद करा. त्याचा थर काचेवर बसतो आणि ओल लवकर धरते. काच आतून साबणाच्या पाण्याने धुऊन स्वच्छ सुक्या फडक्याने पुसा.

हीटर वर्षभर बंद ठेवला की व्हॉल्व्ह अडकतो. म्हणून कोरड्या दिवसांतही पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा आणि मे महिन्यातच होज, क्लिपा तपासून घ्या, विशेषतः फरशीखाली पाइप चासीला घासतो तिथे. तिथला होज फुटला तर इंजिनातलं सगळं पाणी त्याच वाटेने जातं. इलेक्ट्रिक बसमध्ये हीटर हाय व्होल्टेजवर चालतो. नारिंगी केबलला स्वतः हात न लावता प्रशिक्षित माणसाकडूनच काम करून घ्या.