वाचक विचारतात : माणसामागे पन्नास एकर

प्रश्न : नमस्कार बाई. मुलगा अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडला नोकरीला आहे. उन्हाळ्यात त्याने आम्हाला जेम्सटाउन दाखवलं, इंग्रजांची तिथली पहिली टिकलेली वसाहत. तिथे ‘इंडेंचर्ड सर्व्हंट’ हा शब्द सारखा कानावर पडत होता. मुलगा म्हणाला, हे गोरे गुलामच. मला ते आपल्याकडच्या सालगड्यासारखे वाटले. कोणाचं बरोबर?
– एक वाचक, अंबाजोगाई

भाऊ, तुम्ही सालगडी म्हणालात म्हणून आधी घरातलं सांगते. माझे आजोबा सालगडी होते. गुढीपाडव्याला साल ठरायचं : इतकी ज्वारी, इतके रुपये, एक धोतरजोडी, एक वहाण. मालक पटला नाही तर पुढच्या पाडव्याला दुसऱ्या वाड्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं. पण उचल फिटलेली नसली की पाय निघत नसे, आणि ती बहुतेक वर्षी फिटलेली नसायची.

व्हर्जिनियातला नोकर या उचलीत अडकलेल्या गड्याच्या जवळचा आहे. त्याची उचल म्हणजे जहाजाचं भाडं, साधारण ६ पौंड. ते भरायला पैसे नाहीत म्हणून त्याने ४ ते ७ वर्षांची मेहनत लिहून द्यायची. करार एकाच कागदावर दोनदा लिहीत आणि मधून वाकडातिकडा कापत. दोन्ही तुकड्यांचे दाते जुळले की करार खरा. ‘इंडेंचर’ या शब्दाच्या मुळाशी दात आहे, आपल्याच ‘दात’ शब्दाचा दूरचा भाऊबंद. आता फरक बघा. माझे आजोबा मालक बदलू शकत होते. तिथे मालक गडी बदलत असे. कप्तान धक्क्यावरच तो कागद तंबाखूच्या बदल्यात विकून टाकी, आणि कागद जिकडे जाई तिकडे माणूस जाई. सगळे राजीखुशीने आलेलेही नव्हते. १६१९ च्या सुमारास लंडनच्या रस्त्यांवरची शंभरेक गरीब मुलं तिकडे धाडली गेली. पुढची तुकडी निघताना काही मुलांनी नकार दिला, तेव्हा त्यांना बळजबरीने पाठवायची परवानगी १६२० मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने दिली.

एवढी माणसं लागत होती तंबाखूसाठी. १६०७ मध्ये १०४ पुरुष आणि मुलगे जेम्स नदीकाठी उतरले ते एका कंपनीचे भागधारक आणि नोकर म्हणून. सोनं सापडलं नाही. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फने वेस्ट इंडीजकडचं गोडसर तंबाखूचं बी लावलं आणि लंडनमध्ये त्याला गिऱ्हाईक मिळालं. तंबाखूला हात फार लागतात. रोप लावा, शेंडे खुडा, अळ्या वेचा, पानं टांगून वाळवा. जमीनही चारपाच वर्षांत थकते, मग नवीन तोडायची. १६१८ मध्ये कंपनीने नियम केला : जो कोणी एका माणसाचं भाडं भरून त्याला आणील, त्याला त्या माणसामागे ५० एकर. नीट वाचा, जमीन आणणाऱ्याला, येणाऱ्याला नाही. आलेला गडी पहिल्याच उन्हाळ्यात तापाने गेला तरी ते ५० एकर मालकाच्या नावावरच राहत. मजुरी आणि जमीन यांची ही गाठ समजली नाही तर पुढची भांडणं समजत नाहीत.

कारण ती जमीन रिकामी नव्हती. पोव्हॅटन या प्रमुखाच्या सत्तेखाली सुमारे ३० जमाती तिथे मक्याची शेती करून राहत होत्या. त्यात इंग्रज उतरले ते दुष्काळात. तिथल्या जुन्या सायप्रस झाडांची वर्षवलयं मोजून शास्त्रज्ञांनी दाखवलंय की १६०६ ते १६१२ हा त्या भागातला ७७० वर्षांतला सर्वांत कोरडा काळ होता. मी १९७२ च्या दुष्काळात चौथीत होते. शाळेत सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. घरात दाणा नसताना दारात हत्यारबंद पाहुणा उभा राहून धान्य मागतोय, हे चित्र मला पुस्तक न उघडताही दिसतं. मका मिळेना म्हणून इंग्रजांनी गावं जाळली. पोव्हॅटनच्या लोकांनी जेम्सटाउनच्या किल्ल्याला वेढा घातला, आणि १६०९-१० च्या हिवाळ्यात आत फक्त साठेक माणसं जिवंत राहिली. पुढे तंबाखूचे मळे नदीकाठाने पसरत गेले. २२ मार्च १६२२ ला पोव्हॅटनचा भाऊ ओपेचानकॅनो याने एका सकाळी सगळीकडे एकदम हल्ला केला. ३४७ वसाहतवाले मेले, म्हणजे चारातला एक. दुसऱ्या वर्षी इंग्रजांनी तहाच्या बोलण्यासाठी त्यांची माणसं बोलावली आणि विष घातलेली दारू पाजली. दोन्ही गोष्टी मुलाला सांगा. पहिली तो ऐकून असेल, दुसरी बहुधा नसेल.

या सगळ्याच्या मधे सापडला तो गडी. रिचर्ड फ्रेथॉर्न नावाच्या एका तरुण नोकराने १६२३ च्या वसंतात मार्टिन्स हंड्रेड या वस्तीतून आईबापांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. वाटाणे आणि पातळ पेज, एवढंच खायला. घरी एका दिवसात जेवायचो तेवढं इथे आठवड्याला मिळत नाही, असं तो लिहितो. अंगावर चिंध्या, आणि जो एक झगा होता तो सोबत्यानेच चोरला. बापाला विनवतो की मला सोडवून न्या, ते जमत नसेल तर चीज, लोणी, थोडं मांस तरी पाठवा. हे पत्र वाचताना मला हंगामाला गेलेल्या ऊसतोडीच्या पोरांचे फोन आठवतात. फ्रेथॉर्नला घरी जाता आलं नाही. वर्ष उलटायच्या आत तो मेला.

मग हे गोरे गुलाम होते का? नाही, भाऊ. आणि इथे मुलाचं म्हणणं मी ठामपणे खोडते. १६४० मध्ये ह्यू ग्विन नावाच्या मालकाचे तीन नोकर मेरीलंडला पळून गेले : एक डच, एक स्कॉट आणि जॉन पंच नावाचा आफ्रिकी. तिघांना पकडून आणलं. तिघांनाही ३० फटके. डच आणि स्कॉट यांची मुदत चार वर्षांनी वाढवली. जॉन पंचने मात्र मरेपर्यंत राबायचं, असा निकाल झाला. गुन्हा एक, फटके सारखे, पण एकाला शेवट नाही. १६६२ मध्ये कायदा झाला की मूल आईच्या दर्जाचं, म्हणजे गुलाम बाईच्या पोटचं पोर जन्मतःच गुलाम, बाप गोरा मालक असला तरी. १६६७ मध्ये ठरलं की बाप्तिस्मा घेऊनही सुटका नाही. गोऱ्या नोकराचे हाल खरे होते, पण त्याचा कागद संपत होता, आणि त्याच्या मुलाच्या नावाने कागद नव्हता.

प्रश्न : बाई, १६३५ च्या व्हर्जिनियाच्या नोंदीत ‘ईस्ट इंडियन टोनी’ असा एक माणूस आहे असं वाचलं. तो आमच्या वसईकडच्या ईस्ट इंडियन समाजाचा असेल का?
– एक वाचक, वसई

नोंद खरी आहे. जॉर्ज मेनेफी या मळेवाल्याने आणलेल्या माणसांच्या यादीत टोनी आहे. म्हणजे त्याच्याही मागे ५० एकर. पण तुमच्या समाजाने हे नाव घेतलं १८८७ मध्ये, अडीचशे वर्षांनी. त्या काळच्या इंग्रजीत ईस्ट इंडियन म्हणजे पूर्वेकडून आलेला कोणीही. नावावरून नातं जोडू नका. पूर्वेकडचा माणूस व्हर्जिनियात इतक्या लवकर पोचला होता, हीच मोठी गोष्ट आहे.

प्रश्न : १६७६ चं बेकनचं बंड हा गोऱ्या-काळ्या गरिबांनी मिळून केलेला उठाव होता, हे खरं का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

अर्धं खरं, पोरी. नॅथॅनियल बेकन स्वतः श्रीमंत मळेवाला, गव्हर्नर बर्कलीच्या सल्लागार मंडळावरचा. त्याच्यामागे गेले ते मुदत संपलेले नोकर. किनाऱ्याची चांगली जमीन आधीच बड्यांनी घेतलेली, तंबाखूला भाव नाही, म्हणून हे सरहद्दीवर ढकलले गेलेले. त्यांचा राग रास्त होता. पण बेकनने तो वळवला स्थानिक जमातींवर, आणि मारले कोण, तर इंग्रजांशी सलोख्याने राहणारे ऑकानीची आणि पामंकी. हे सोडून त्याला गरिबांचा कैवारी म्हणणं मला पटत नाही.

बंडाआधी सल्लागार मंडळाने पामंकींची राणी कॉकाकोएस्के हिला बोलावून विचारलं, लढायला किती माणसं देतेस? ती रडत तिच्या नवऱ्याचं नाव घेत राहिली. वीस वर्षांपूर्वी तो इंग्रजांच्या बाजूने लढून मेला होता आणि तिला काहीच मिळालं नव्हतं. फार आग्रह झाला तेव्हा म्हणाली, बारा. त्यानंतर बेकनची माणसं तिच्याच लोकांवर चालून गेली आणि राणीला जंगलात दडावं लागलं.

तू विचारतेस तो भाग शेवटचा. १९ सप्टेंबरला बेकनने जेम्सटाउन जाळलं, २६ ऑक्टोबरला तो हगवणीने मेला. बर्कलीच्या बाजूने कॅप्टन ग्रँथम शस्त्रं गोळा करायला गेला तेव्हा समोर बंडातली ४०० माणसं होती, इंग्रज आणि आफ्रिकी एकत्र. माफीची आणि सुटकेची वचनं ऐकून बहुतेकांनी शस्त्रं टाकली. ८० आफ्रिकी आणि २० इंग्रज शेवटपर्यंत हटले नाहीत. त्यांना गोड बोलून होडीत बसवलं आणि तोफा रोखून मालकांच्या हवाली केलं. बर्कलीने २३ जणांना फाशी दिलं. पुढे १७०५ च्या कायद्याने मुदत संपलेल्या गोऱ्या नोकराला मका, रोख पैसे आणि बंदूक द्यायचं ठरवलं. त्याच कायद्याने गुलामाला शस्त्र बाळगायची बंदी केली.

कॉकाकोएस्केने १६७७ मध्ये इंग्रजांशी तह केला. जमिनीबद्दल दरवर्षी गव्हर्नरला तीन बाण द्यायचे आणि वर बीव्हर या पाणकाठच्या प्राण्याची वीस कातडी. अंबाजोगाईच्या भाऊंना यासाठी पुन्हा हाक मारते : नोव्हेंबरात मुलाकडे असाल तर थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी रिचमंडमध्ये गव्हर्नरच्या घरापाशी जा. पामंकी आणि मॅटापोनी जमातींची माणसं आजही दरवर्षी तिथे येतात. आता कातड्यांऐवजी हरीण आणतात आणि गव्हर्नरला देतात.