इंग्लंडमध्ये खरंच 'घोरणं' नावाचं गाव आहे का?

हो, आणि एक नाही, दोन! नॉर्फक परगण्यात फेकनम गावाजवळ ग्रेट स्नोरिंग आणि लिटल स्नोरिंग आहेत. आपल्या भाषेत घोरणे बुद्रुक आणि घोरणे खुर्द म्हणा ना. गंमत म्हणजे आज खुर्दच मोठं आहे. २०११च्या जनगणनेत ग्रेट स्नोरिंगची वस्ती दीडशेच्याही आत होती, तर लिटल स्नोरिंगची सहाशेच्या वर.

नावाचा घोरण्याशी मात्र काडीचाही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'इंग' हा प्रत्यय अमक्याची माणसं या अर्थाने लागायचा. स्निअर नावाच्या माणसाच्या गोतावळ्याची वस्ती, म्हणून स्नोरिंग. १०८६च्या डूम्सडे बुकातही, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेल्या गावांच्या आणि जमिनींच्या नोंदवहीतही, या नावाची नोंद आहे.

कधी गेलात तर लिटल स्नोरिंगचं सेंट अँड्र्यूज चर्च चुकवू नका. त्याचा गोल दगडी मनोरा चर्चला चिकटलेला नाही, बाजूला एकटाच उभा आहे. ज्या जुन्या चर्चचा तो होता, ते कधीच गेलं. आत लाकडी फळ्यांवर दुसऱ्या महायुद्धात इथल्या धावपट्टीवरून उडालेल्या वैमानिकांची कामगिरी लिहिलेली आहे. मला तर नावापेक्षा त्या फळ्यांचंच जास्त अप्रूप वाटतं.