सहा फुटी टूल चेस्ट हप्त्यावर घेऊ का? माझं उत्तर आणि त्यामागचा हिशोब

दादा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही चार वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहात, हत्यारं सगळी स्वतःची, एकावर एक ठेवलेल्या दोन २६ इंची पेट्यांत कोंबलेली, खण अडकतात, इम्पॅक्ट गन आणि स्कॅनर बेंचवर पडलेले असतात. आता नामांकित कंपनीची ७२ इंची टूल चेस्ट बघितलीय, किंमत तुमच्या चार महिन्यांच्या हातात येणाऱ्या कमाईएवढी, आणि विक्रेता म्हणतोय "१० टक्के व्याज, तीन वर्षं, आजच घेऊन जा". दोन वर्षांत स्वतःचं वर्कशॉप टाकायचाही विचार आहे. तीन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक आहे आणि कमाईचे १० टक्के दर महिन्याला बाजूला पडतात.

माझं उत्तर: पेटी घ्या, ही नको, आणि हप्त्यावर तर नकोच.

पहिले ते १० टक्के बघू. तुम्ही पाठवलेल्या कागदावर व्याज फ्लॅट रेटने लावलंय, म्हणजे तीन वर्षं पूर्ण मूळ रकमेवर १० टक्के, तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या रकमेवरच चालू. समजा १०० चं कर्ज असेल तर ३० व्याज, एकूण १३० आणि त्याचे ३६ हप्ते. आता खरं बघायला गेलं तर तीन वर्षांत तुमच्याकडे सरासरी १०० नाही, साधारण निम्मीच रक्कम वापरायला असते. म्हणून हेच कर्ज रिड्यूसिंग पद्धतीने, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून मोजलं तर वर्षाला जवळजवळ १८ टक्के पडतं. कोणतंही हप्त्याचं कर्ज घेताना हा एक प्रश्न विचाराच, व्याज फ्लॅट आहे का रिड्यूसिंग, आणि एकूण किती भरायचे तो आकडा लिहून मागा. तुमच्या केसमध्ये चार महिन्यांच्या कमाईची पेटी ५.२ महिन्यांच्या कमाईला पडतेय, आणि महिन्याचा हप्ता कमाईच्या १४ टक्क्यांच्या थोडा वर जातोय.

तुम्ही लिहिलंय की वेळ वाचेल, रोजची १५ मिनिटं तरी. मला हा मुद्दा आवडला कारण खरा आहे, १३ नंबरचा सॉकेट शोधण्यात माणूस किती वेळ घालवतो ते मी माझ्या वडिलांना बघून शिकलोय, ते फिटर होते आणि त्यांचं अर्धं वैतागणं पेटीवरच असायचं. तर मोजूया. रोज १५ मिनिटं, महिन्याला २५ दिवस, म्हणजे सव्वासहा तास. ८ तासांच्या दिवसाने महिन्याचे २०० तास होतात, म्हणजे साधारण ३ टक्के वेळ वाचला. पण तुमची निम्मी कमाई ठरलेला पगार आहे, तो वेळ वाचला म्हणून वाढत नाही, उरलेली निम्मी जॉबप्रमाणे मिळते, आणि त्या वाचलेल्या सगळ्या वेळात काम मिळालं असं धरलं तरी एकूण कमाईत दीड टक्क्याची भर. एकीकडे दीड टक्का येतोय, दुसरीकडे १४ टक्के जातायत. शिवाय ती १५ मिनिटं वाचतात ती प्रत्येक हत्याराला ठरलेली जागा मिळाल्यामुळे, पेटी सहा फूट लांब आहे म्हणून नाही, त्यामुळे बेताच्या पेटीतही तेवढीच वाचतील.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त काळजीची वाटते. दोन वर्षांत तुम्हाला स्वतःचं वर्कशॉप टाकायचंय आणि हप्ते तीन वर्षांचे आहेत. ज्या महिन्यात पहिल्यांदा जागेचं भाडं, डिपॉझिट, लिफ्ट, कॉम्प्रेसर हे सगळं अंगावर येईल आणि गिऱ्हाईक अजून बसलेलं नसेल त्या महिन्यातही हा हप्ता चालूच असणार. आणि धंद्यासाठी कर्ज मागायला गेलात की समोरचा आधी चालू हप्ते विचारतो. लिफ्ट नसेल तर गाडी उचलता येत नाही, कामच नाकारावं लागतं, पण पेटी लहान आहे म्हणून एकही गिऱ्हाईक परत जात नाही. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एकाने अशीच मोठी पेटी घेतली होती, वर्षभरात नोकरी बदलली आणि नवीन जागी त्याच्या बेमध्ये, म्हणजे गाडीवर काम करायच्या जागेत, ती बसेचना, शेवटी हप्ते चालू असताना पडत्या भावात विकली आणि वरचा फरक खिशातून भरला. पेटीत वाईट काही नव्हतं, वेळ चुकली.

ब्रँडचं आकर्षण मी समजू शकतो. पण एक गोष्ट आठवून बघा, हत्यारं बनवणारी स्नॅप-ऑन कंपनी १९२० मध्ये सुरू झाली ती पेट्यांवर नाही, ५ हँडल आणि १० सॉकेट एवढ्यात ५० पान्यांचं काम होतं या कल्पनेवर. कमी हत्यारात जास्त काम, तिथे मेकॅनिकचा पैसा खरंच वाचत होता. म्हणून चांगल्या रॅचेटला, टॉर्क रेंचला जास्त पैसे द्यायला मी कधी नाही म्हणत नाही, कारण पाना घसरला तर बोल्ट जातो आणि बोटंही फुटतात. पेटीच्या बाबतीत पैसे कुठे घालायचे ते वेगळं आहे, पत्रा, चॅनेल (खण ज्यावर सरकतात त्या पट्ट्या) आणि चाकं. बाकी रंग, लाइट, चार्जिंगचे पॉइंट हे नंतरचं.

पत्र्याचं गेज बघताना लक्षात ठेवा, आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी आणि २२ गेज म्हणजे पाऊण मिमीच्या आसपास. बॉडी १८ ची मिळाली तर उत्तम. चॅनेल बॉल बेअरिंगचेच हवेत आणि खण पूर्ण बाहेर येणारा हवा, नाहीतर मागची चार इंच जागा फुकट जाते. एका खणाला ४५ किलोच्या आसपास रेटिंग नेहमीच्या वापराला पुरतं, सॉकेट आणि इम्पॅक्टच्या खणाला डबल चॅनेल असेल तर चांगलंच. चाकांचा हिशोब चारने भागून करू नका, जमीन कधीच सपाट नसते आणि वजन बऱ्याचदा तीनच चाकांवर येतं. समजा पेटी १७० किलो आणि हत्यारं १८० किलो, एकूण ३५०, तर प्रत्येक चाक किमान १२० किलो पेलणारं पाहिजे. चाकं बदलायचा खर्च लोक धरतच नाहीत आणि तो बारीक नसतो. आणि हो, भरलेले दोन-तीन खण एकदम उघडले तर पेटी पुढे कलंडू शकते, एकावेळी एकच खण उघडणारं लॉकिंग असेल तर मी त्यासाठी थोडे जास्त देईन.

साइज मी ५६ इंच, २२ इंच खोल अशी सुचवेन. सध्याच्या २६ इंचीपेक्षा रुंदीच दुप्पट होतेय. घ्यायच्या आधी वर्कशॉपच्या जमिनीवर चिकटपट्टीने तेवढा चौकोन आखा, खण उघडल्यावर अजून २२ इंच पुढे येतो तोही आखा, आठवडाभर तसंच काम करून बघा. मोठी घेतली की भरली जाते हे मी इतक्यांदा बघितलंय की सांगायलाच हवं, रिकामा खण दिसला की माणूस हत्यारं घ्यायला लागतो, आणि तो खर्च पेटीच्या किमतीत कुठेच दिसत नाही.

तुम्हीच दुसरा पर्याय लिहिलाय, ५६ इंची, पत्रा-चॅनेल बरे, किंमत तुमच्या १.७ महिन्यांच्या कमाईएवढी. मी याच्यावर जाईन. पैसे असे उभे करा: जो १४ टक्के हप्ता भरायची तुमची तयारी होती तो स्वतःच्या वेगळ्या खात्यात भरा, त्यात नेहमीचे १० टक्के घाला, महिन्याला २४ टक्क्यांच्या थोडे वर, सात महिन्यांत पेटीचे पैसे जमतात. दोन्हीपैकी एक जुनी पेटी विकली तर सहा महिन्यांतच. तीन महिन्यांच्या खर्चाची शिल्लक आहे तिला अजिबात हात लावू नका, तुमचं काम हातांचं आहे, मनगट मुरगळलं तर जॉबचे पैसे त्याच आठवड्यात थांबतात.

या सात महिन्यांत सेकंडहँडवरही नजर ठेवा. रिटायर होणारे, धंदा बदलणारे लोक जाड पत्र्याच्या भारी पेट्या बऱ्यापैकी कमी भावात सोडतात. सगळ्यात खालचा खण पूर्ण ओढून डावी-उजवीकडे हलवून बघा, खडखड आली तर चॅनेल गेलेत, आणि ते बदलून मिळतात का ते आधी विचारा. कुलूप-किल्ली, आतल्या कोपऱ्यातला गंज बघा. आणि मूळ मालकाचं त्या पेटीवर कर्ज बाकी नाही याचा लेखी पुरावा घ्या, नाहीतर पैसे तुम्ही देणार आणि पेटीवर हक्क दुसऱ्याचा निघणार.

तुमचा मित्र म्हणाला ना पेटीचा खर्च टॅक्समध्ये वजा होतो, तर तो होतो का, आणि नोकरीत असताना होतो का फक्त स्वतःच्या धंद्यात, हे तुमच्या हिशोबनीसाला विचारा, नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे. पण वजा झाला तरी २० टक्के टॅक्स भरणाऱ्याचे १०० खर्चावर २० वाचतात आणि ८० जातातच.

एक काम मात्र पेटीची वाट न बघता या रविवारी करा. सगळी हत्यारं खणाखणाने मांडून फोटो काढा, बिलं असतील ती जोडा, आणि मालकाला विचारा की वर्कशॉपच्या विम्यात कामगारांची स्वतःची हत्यारं धरलीत का. बऱ्याचदा धरलेली नसतात. चार वर्षांत जमवलेल्या हत्यारांची किंमत या पेटीपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि आज ती चोरीला गेली तर तुमच्याकडे यादीसुद्धा नाहीये. मांडलेलीच आहेत तर वजनही करून घ्या, तो आकडा मला पाठवा, मग चाकं आणि चॅनेल कुठल्या रेटिंगचे हवेत ते नक्की करू.