फाइलचा मार्ग ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर जात नाही, हे खात्रीनं कसं तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरच्या मोंढ्यातल्या एका अडत दुकानासाठी तुम्ही पायथनमध्ये संकेतस्थळ केलंय. शेतकरी लिंकवरून आपली हिशोबपट्टी उतरवून घेतो आणि फाइलचं नाव त्या लिंकमधूनच येतं. त्यातलं "../" (म्हणजे "एक फोल्डर वर जा") तुम्ही रिप्लेसनं काढता, मग तयार झालेला मार्ग "/मोंढा/पट्ट्या"नं सुरू होतो का ते स्टार्टसविथनं बघता. एवढ्यावर भागेल का?

नाही भागणार. कुणी "....//" पाठवलं तर मधलं "../" निघून जातं आणि उरलेली अक्षरं जुळून नवं "../" तयार होतं. "/मोंढा/पट्ट्या/../" हा मार्गही तुमच्या फोल्डरच्या नावानंच सुरू होतो, त्यामुळं स्टार्टसविथ त्याला अडवत नाही. शेजारी "/मोंढा/पट्ट्या_जुन्या" असेल तर तेही उघडं पडतं, कारण इथं तुलना अक्षरांची होते, फोल्डरांची नाही.

नाव दुरुस्त करत बसू नका. चुकीचं असेल तर सरळ नाकारा. मूळ फोल्डर आणि त्याला जोडलेला फाइलचा मार्ग, दोन्हींवर पाथलिब या पायथनच्या मार्ग हाताळणाऱ्या लायब्ररीचं रिझॉल्व चालवा. ते ".." सोडवतं आणि सिमलिंकचा (दुसऱ्या फाइलकडं किंवा फोल्डरकडं नेणाऱ्या दुव्याचा) खरा पत्ताही काढतं. मूळ फोल्डरच सिमलिंक असलं आणि त्यावर रिझॉल्व चालवलं नाही, तर चांगल्या फाइलीही नाकारल्या जातात. त्यानंतरच फाइल मूळ फोल्डरच्या आत आहे का ते इज_रिलेटिव्ह_टूनं तपासा. ते पायथन ३.९ पासून आहे आणि स्वतः ".." सोडवत नाही, म्हणून हा क्रम मोडू नका. त्याहून जुन्या पायथनवर कॉमनपाथनं दोन्ही मार्गांचं सामाईक फोल्डर काढा आणि ते मूळ फोल्डरच आहे का बघा. कॉमनप्रीफिक्स नको, तेही अक्षरंच जुळवतं.

ही काळजी जास्तीची वाटत असेल तर २०२१ मधलं अपाची वेब सर्व्हरचं उदाहरण बघा. २.४.४९ या आवृत्तीत सांकेतिक रूपात लिहिलेले टिंब तपासणीतून निसटत होते. २.४.५० ची दुरुस्तीही अपुरी पडली आणि लगेच २.४.५१ काढावी लागली.

त्या फोल्डरात दुसऱ्या कुणाला लिहिता येत असेल, तर तपासणी आणि फाइल उघडणं यांच्या मधल्या क्षणात सिमलिंक बदलता येते. लिहिण्याचा हक्क फक्त तुमच्या प्रोग्रामला ठेवा.

पण मी तुमच्या जागी असतो तर लिंकमध्ये फाइलचं नाव येऊच दिलं नसतं. फक्त पट्टी क्रमांक घ्या, मार्ग डेटाबेसमधून काढा, आणि ती पट्टी लॉगिन केलेल्या शेतकऱ्याचीच आहे का तेही तिथंच बघा. पट्टीवर त्याचं नाव, वजन, भाव, हाती आलेली रक्कम असं सगळं असतं. वरची तपासणी कितीही पक्की केली तरी त्याच फोल्डरातली शेजाऱ्याची पट्टी ती अडवणार नाही.