परागकण शेकडो किलोमीटर उडतात, तरी जंगलाजंगलातली झाडं वेगळी कशी राहतात?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: एकाच जातीचं झाड हजारो किलोमीटर पसरलेलं, मध्ये ना डोंगर ना समुद्र, वर परागकण वाऱ्यावर जाणार. मग सगळी सरमिसळ होऊन झाडं एकसारखी का होत नाहीत?

बहुतांशी होतात, हे आधी सांगतो. मी स्वीडनमध्ये झाडांच्या पैदाशीचं काम करतो, त्यामुळे उदाहरण स्कॉट्स पाइनचं देतो. हे झाड स्पेनपासून पूर्व सैबेरियापर्यंत आहे. त्याच्या पेशींच्या केंद्रकातला डीएनए तपासला, तर नव्वद टक्क्यांहून जास्त विविधता कुठल्याही एका जंगलातच सापडते. दोन जंगलांमधला फरक जेमतेम काही टक्के. कागदावर बघाल तर दक्षिण आणि उत्तर स्वीडनचे पाइन ओळखूही येणार नाहीत.

आता दोन्हीकडचं बी उत्तरेतल्या एकाच रोपवाटिकेत शेजारशेजारच्या वाफ्यांत पेरा. माती तीच, पाणी तेच. ऑगस्ट सरता सरता उत्तरेकडच्या रोपांनी वाढ थांबवलेली असते, शेंड्याचा डोळा घट्ट मिटलेला, तपकिरी. दक्षिणेकडची रोपं अजून शेंडा काढतच असतात, बोटाने दाबला तर मऊ लागतो. पुढच्या कडक थंडीत कुठला वाफा काळा पडणार ते वेगळं सांगायला नको. रोप रात्रीची लांबी ‘मोजतं’ आणि किती लांब रात्र झाली की थांबायचं हे जनुकांत ठरलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात इथे जर्मनीतून पाइनचं बी आणून लावलं गेलं. त्यातून वाकडीतिकडी, रोगट झाडं उभी राहिली. इथले जुने वनकर्मचारी अजून त्यांचं नाव काढून नाक मुरडतात.

म्हणजे सरमिसळ सगळ्या जनुकांची होते, पण नैसर्गिक निवडीची कात्री काही ठरावीक जनुकांवरच चालते, आणि ती भयंकर कडक आहे. पाइन आयुष्यभरात हजारो बिया टाकतो, त्यातली एखाद-दुसरी मोठी होते. दक्षिणेकडच्या परागकणापासून झालेलं रोप एखाद्या हिवाळ्यात गळतं, आणि वाऱ्याने आणलेलं थंडी पुसून टाकते. शिवाय दक्षिणेत फुलोरा लवकर येतो, त्यामुळे तिथला पराग कित्येकदा इथले मादी शंकू उघडण्याआधीच येऊन पडतो. फुकट जातो.

ही ‘काही जनुकं’ म्हणजे नक्की किती? पाइनमध्ये पुष्कळ, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्याचा जीनोम, म्हणजे एकूण डीएनए, माणसाच्या सातपट मोठा, त्यामुळे शोधणं हे डोकेदुखीचंच काम. उलट, स्वीडनमधल्याच अॅस्पेन या झाडात एफटी-२ नावाच्या जनुकाभोवतीचा एकच तुकडा वाढ थांबण्याच्या वेळेतला बराच मोठा फरक ठरवतो, असं २०१८ साली दिसून आलं. प्रश्न एकच, उत्क्रांतीची उत्तरं दोन.

एक गमतीची गोष्ट. पाइनमध्ये मायटोकाँड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) डीएनए आईकडून, म्हणजे बीबरोबर जातो, आणि हरितलवकांचा (पानाला हिरवा रंग देणाऱ्या भागांचा) बापाकडून, परागाबरोबर. बी फार लांब जात नाही. म्हणून हिमयुगानंतर पाइन कुठल्या वाटेने उत्तरेत आला त्याच्या खुणा मायटोकाँड्रियात अजून शिल्लक आहेत; हरितलवकांत त्या पुसट होतात.

झाडं थोडी आणि एकाकी असतील तर मात्र निवडीपेक्षा नशीब भारी पडतं. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात एका घळीत सापडलेला वोलेमी पाइन बघा. मोठी झाडं शंभराच्याही आत, आणि एकमेकांत जनुकीय फरक जवळपास नाहीच. एखादा नवा रोग आला तर त्यातलं कुठलं झाड तगेल, असं म्हणायला आधारच नाही.

आपल्याकडच्या सागावर उत्तरेतली रात्रीची गणितं तशीच लावू नका. तिथे ऋतू पाऊस ठरवतो, आणि साग कीटकांकडून फळतो, त्यामुळे पराग इतका लांब जात नाही.

राहिला हवामानबदल. तापमान वाढतंय, पण रात्रीची लांबी तीच आहे. ऊब शिल्लक असतानाच उत्तरेतला पाइन दुकान बंद करून बसतो. नवी पिढी यायला काही दशकं लागतात, त्यामुळे झाडांनी स्वतःहून जुळवून घेईपर्यंत थांबायची वनखात्यांची तयारी नाही. कुठलं बी किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला न्यायचं, याचे जुने तक्ते आता नव्याने मांडले जात आहेत.