मुक्तस्रोत सॉफ्टवेअर व्यापाऱ्यांपुढे कसे मांडावे?

प्रश्न : आम्ही तिघांनी गोदामातील मालसाठ्याची नोंद ठेवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा स्रोत (प्रोग्रामचा मूळ मजकूर) कोणीही पाहू, वापरू व बदलू शकतो असे सॉफ्टवेअर, तयार केले आहे. प्रोग्रामर त्याची वाखाणणी करतात; परंतु व्यापारी ‘फुकट आहे, मग बंद पडल्यास जबाबदार कोण?’ असे विचारून विषय संपवतात. त्यांना कसे पटवावे?

उत्तर : व्यापाऱ्यांची शंका रास्त आहे आणि तिचे निरसन सॉफ्टवेअर वापरण्याच्या परवान्यातील कलमांनी होणार नाही. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या मूलभूत प्रणालीचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा) स्रोत सर्वांना खुला असतानाही रेड हॅट या अमेरिकन कंपनीने २००२ मध्ये उद्योगांसाठी वेगळी आवृत्ती आणली आणि वर्गणीच्या बदल्यात तपासून घेतलेल्या सुधारणा, सुरक्षेच्या दुरुस्त्या व ठरलेल्या मुदतीपर्यंत तांत्रिक साहाय्य देऊ केले. २०१२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिचे उत्पन्न एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले. २०१९ मध्ये आयबीएमने ती सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली.

म्हणून माहितीपत्रकाची सुरुवात किमतीपासून करू नका. एक्सेलमधील जुन्या नोंदी कशा आणता येतील, बॅकअप कोण घेईल, जीएसटीचे नियम बदलल्यास सुधारणा किती दिवसांत मिळेल, हे आधी लिहा. मात्र पाळता येईल तेवढीच मुदत द्या, कारण पहिलाच शब्द मोडला तर बाजारात पत राहत नाही. स्रोत खुला असल्याचा लाभ त्यानंतर सांगा : उद्या तुम्ही काम थांबवले तरी दुसरा तंत्रज्ञ ते पुढे चालवू शकतो. माझ्या मते हीच तुमची सर्वांत भक्कम बाजू आहे. प्रथम एकाच व्यापाऱ्याच्या एका गोदामात ते नीट चालवून दाखवा आणि त्याच्या संमतीने तो अनुभव इतरांना सांगा.